पुडी बाबाची, झोप माझी

लोणार, मंगळवार, दिवेलागण

चपलेत सराटा अजून रुतलेलाच. झाडपाल्याची औषधं देणाऱ्या दामूबाबानं पहिल्या दिवशी असलाच काटा दाखवला होता, "ज्याले तू शिव्या देतं ना बे, त्यालेच गोखरू म्हणतेत."

मागच्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन कमी निघालं. आता लग्नाचं काय, या भीतीनं मी या म्हाताऱ्याकडे धावलो. गोखरूची पुडी दिली त्यानं, पण अट घातली: महिनाभर भटकणं बंद, लवकर झोपायचं. मी, अन् एका जागी! पण राह्यलो, त्याच्याच ओट्यावर.

काल सकाळी चिखलीत पुन्हा तपासणीला रक्त दिलं. आज रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचं कधी दिलं होतं?" मी सांगितलं, रात्रभर जागून, दुपारी. ते म्हणाले, ही तपासणी सकाळीच करायची असते. मग गुण पुडीचा, झोपेचा, की पहिला आकडाच चुकीचा?

बाबाले विचारलं तर हसला. "मले काय माहीत? पुडी मी देली, झोप तू काढली. गावभर माह्यं नाव करू नको."

दुसरा कोणी असता तर माझा फोटो लावून बोर्ड केला असता.

सराटा काढू का? राहू दे. काय लागू पडलं ते कळणार नाही, पण ज्यावर झोप लागली तो ओटा त्याचा होता.