पिवळ्या मुळाचा काढा

३ नोव्हेंबर

कुनमिंगच्या ग्रंथालयात भाषण झालं. दीड तास उभी होते, गुडघे धरले. विषय नेहमीचाच – हुआंगचिन या औषधी झाडाचं पिवळं मूळ. त्यातल्या अर्कानं आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं पसरणं मंदावलं. उंदरांत! हा शब्द मी तीनदा उच्चारला. ताटलीतली पेशी म्हणजे उंदीर नव्हे, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि 'मंदावू शकेल' म्हणजे 'बरा होईल' नव्हे. मुळाला देव्हाऱ्यात बसवू नका, उकिरड्यावरही फेकू नका. तपासा. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, ते सगळं पटलं. पण दिवसातून किती वेळा उकळायचं?"

तीस वर्षं हेच.

६ नोव्हेंबर

युंगचांगचा फोन – दादाच्या मुलाचा. नवा स्कॅन आला. गाठ वाढली, यकृतावरही डाग. डॉक्टर विचारतायत, गोळ्या नीट घेतात ना? वहिनी म्हणते, घेतात.

दादाला कर्करोग आहे हे सगळ्यांना ठाऊक, फक्त दादाला नाही. त्याला सांगितलंय – फुप्फुसाला सूज आहे. आमच्याकडे असंच करतात. युंगचांगनं इस्पितळातल्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून दिल्या. हे ठरलं तेव्हा मीही तिथेच बसले होते. व्यासपीठावर सत्य सत्य म्हणून घसा कोरडा करणारी मी. मान हलवली आणि पुढ्यातला चहा संपवला.

"आत्या, तू ये," युंगचांग म्हणाला. "तुझंच ऐकतात ते."

८ नोव्हेंबर

गावी पोचले. दादा कोळशाच्या शेगडीपाशी बटाटे भाजत बसला होता. धुरानं डोळे चुरचुरले. या खोलीतली भिंत माझ्या जन्माआधीपासून काळी आहे.

"बघ, चेहरा कसा साफ झालाय," दादा म्हणाला. वहिनी कौतुकानं बघत होती. त्या गोळ्या पोटात जात असल्या की तोंडावर पुरळ येतं, दादालाही आलं होतं. चेहरा साफ, म्हणजे गोळ्या बंद.

"कधी सोडल्यास?"

"झाले सहा आठवडे. तुझ्या वहिनीला बोलू नकोस. तोंडाचं माकड झालं होतं, दिवसभर परसाकडे पळत होतो. नुसत्या सुजेपायी एवढं कोण सोसतं? त्यापेक्षा हे बरं." शेगडीच्या कडेला मातीचं भांडं होतं. आत पिवळा काढा. "बाजारात मुळं विकणाऱ्या तान काकूच्या मोबाईलवर तुझं भाषण आहे. पुड्यांवर तुझा फोटो लावते ती. मी म्हटलं, ही माझी धाकटी बहीण. तर मूठभर जास्त दिलं."

ते भाषण बघितलं. वसंतातलं, कापून चाळीस सेकंदांचं केलेलं. चाळीस सेकंदांत 'उंदरांत' बसत नाही.

"तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?" दादा म्हणाला. मी काढा हुंगला. चांगलं, जुनं मूळ आहे. फसवलं नाहीये त्याला कुणी. आमच्याशिवाय.

९ नोव्हेंबर

अंगणात भांडण. आवाज दाबून, कारण दादा आत. मी म्हटलं, त्याला सांगायला हवं. वहिनी मक्याची कणसं सोलत होती, तिनं वर पाहिलंही नाही.

"तू भाषण करून गाडीत बसशील. मग त्यांचं तोंड मला बघायचंय. गावातल्या ल्यू मास्तरांना त्यांचा आजार खरा सांगितला होता. भिंतीकडे तोंड करून निजले. बावीस दिवसांत गेले."

"वहिनी, न सांगितल्यानं हा त्याहून लवकर जाईल."

युंगचांगनं मधला मार्ग काढला. "आत्या, तू एवढंच सांग, की ही गोळी तुझ्याच मुळाची आहे. तुझ्या प्रयोगशाळेत काढलेला अर्क. डोळे मिटून घेतील."

घेईल. नक्की घेईल. एक वाक्य, तेही माझंच म्हणून खपेल असं. वहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी म्हटलं, उद्या सांगते.

१० नोव्हेंबर

नाही सांगितलं. काहीच.

११ नोव्हेंबर

पहाटे विचार पक्का झाला. पुरळ पुन्हा येणारच. मग तो म्हणेल, गोळी मुळाचीच आहे ना, मग मूळच पितो की, ते तोंड बिघडवत नाही. माझं खोटं महिनाभरही टिकणार नाही. तत्त्वाची गोष्ट नाही ही. तत्त्व चार महिन्यांपूर्वीच चहाबरोबर गिळलं.

वहिनी भाजीच्या वाफ्यात होती. "दादा, ती सूज नाही," म्हटलं. बाकीचं सांगायला चार वाक्यं लागली. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

तो बटाटा फिरवत राहिला. "कधीपासून माहीत आहे?"

"चार महिने."

"आणि हे मूळ?"

"माहीत नाही रे. माणसांत अजून तपासलेलंच नाही. ती गोळी तपासलेली आहे. ती काही काळ रोखते. बरं करत नाही."

बटाटा एका बाजूनं जळाला. त्यानं तसाच सोलून अर्धा मला दिला. मग म्हणाला, "आण ती बाटली. आणि काढा ओतून टाक. नको, थांब, परसातल्या झाडाला घाल. त्याला तरी गोळी घ्यायची नाही."

वहिनीला संध्याकाळी कळलं. रात्री माझं ताट तिनं वाढलं नाही, युंगचांगनं वाढलं.

१२ नोव्हेंबर

गोळी घेतली. मी समोर बसले होते. वहिनी भिंतीकडे बघत होती. दादा तिला म्हणाला, "मी भिंतीकडे बघत नाही, तर तू का बघतेस?" तिनं नाक पुसलं आणि त्याच्यासाठी मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांडीचा तुकडा कापायला गेली.

१४ नोव्हेंबर

निघताना दादा फाटकापर्यंत आला. म्हणाला, "तू सांगितलंस, तर मीही सांगतो. आईला क्षय नव्हता. हेच होतं. सत्त्याहत्तर साल, तुझी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तोंडावर. बाबा म्हणाले, पोरीला कळू द्यायचं नाही. मग राहूनच गेलं."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला."

बाविसाव्या वर्षी याच गावात, धान्य वाळवायच्या खळ्यावर मी पहिलं भाषण केलं. औषध असताना माझी आई क्षयानं मेली, ती तुमच्या अज्ञानामुळे, असं म्हणाले होते. बाबा पुढेच बसले होते. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या.