ह्यांचा आवाज

८ जानेवारी १९९६
आजपासून हिंदमाताला कामाला लागले. साड्यांच्या दुकानावर कानाच्या मशीनचा दवाखाना आहे. झाडलोट करायची, पेशंटना बसवायचं. मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, पण अहोजाहो करतात. लहानपणी माझे कान वाहिले, तेव्हापासून मी ओठ वाचते हे कळल्यावर म्हणाल्या, राधाबाई, आधी तुमचेच कान बघू. घोडपदेवला परत येताना खूप बरं वाटत होतं.

१५ जानेवारी
मशीन बसवलं. त्याच्याबरोबर कानात एक बारीक नळी घालतात. पडद्यावर दोन रेघा दिसतात. तुटक रेघ म्हणजे माझ्या कानात किती आवाज पोचायला हवा त्याचं गणित. सलग रेघ म्हणजे खरोखर किती पोचतो ते. स्पीकरवर समोर बसून बोलल्यासारखं बोलणं लावतात आणि सलग रेघ तुटकीवर येईपर्यंत मशीन कमीजास्त करतात. घरी कुकरची शिटी ऐकून दचकले, मग एकटीच हसले.

२२ जानेवारी
पुन्हा तपासणी. स्पीकर बंद होता, तरी सलग रेघ चढली आणि नेमकी तुटकीवर बसली. मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलं. मला पुरुषाचा जाड आवाज आला. राधा, म्हणाला.
हे गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर होते. तिथल्या खडखडाटात सगळे ओठांनीच बोलायचे, ह्यांना घरीही तीच सवय. म्हणून तर आमचं जमलं. हे संपाच्या काळात वारले. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. असाच असणार.

२ फेब्रुवारी
मॅडमना खोटंच सांगितलं, कमी ऐकू येतं. त्यांनी मशीनचा आवाज थोडा वाढवला, यापुढे नको म्हणाल्या, उरलासुरला कानही जाईल. आता हे रोज संध्याकाळी घराच्या दाराबाहेरून बोलतात. आत येऊ का, विचारतात. आज म्हटलं, विचारता काय, घर तुमचंच आहे.

६ फेब्रुवारी
ह्यांच्या शेजारच्या साच्यावरचा कुशाबा दवाखान्यात कान दाखवायला आला. जयभीम वहिनी, म्हणाला. चहा देताना विचारलं, ह्यांचा आवाज कसा होता. तो हसायलाच लागला. म्हणाला, सीताराम बोलला की आम्ही म्हणायचो, खात्यात बाई कुठून आली? अगदी चिरका. लाजायचा बिचारा, म्हणून नुसते ओठ हलवायचा.
जाड नव्हता का, मी परत विचारलं. कुशाबाने मान हलवली.
मग घरात मी कुणाला—

७ फेब्रुवारी
मशीन काढून डबीत ठेवलं. तरी ऐकू येतंय. मॅडम म्हणतात, शक्यच नाही. नळी घालून पाहिलं. स्पीकर बंद. रेघ तुटकीच्या कितीतरी वर, कानाला तोंड लावून बोलल्यासारखी. मॅडमनी माझ्या खुर्चीमागे पाहिलं आणि—
उद्यापासून येऊ नका, म्हणाल्या.

८ फेब्रुवारी
जा म्हटलं. जात नाही. हसतो.

९ फेब्रुवारी
आज आवाज बदललाय. बारीक, चिरका. कुशाबा म्हणाला तसाच. म्हणजे कुशाबाला चहा देताना हा आवाजही तिथेच—
विचारतो, आता तरी मी तुझा ना?
उत्तर द्यायचं नाही. हे नाहीत, मला माहीत आहे. पण किती लाजत बोलतो. हे असेच बोलले असते. पुन्हा विचारतोय. मी हो म्ह