रूबीबाईंचा दुहेरी टाका

लेरिक, शेटलंड
बुधवार (असं कॅलेंडर म्हणतं, खिडकीबाहेर धुकं असल्याने खात्री देता येत नाही)

ती. सौ. ताईस,

धाकट्या भार्गवचा साष्टांग नमस्कार. इकडील मंडळी हयात आहेत. तुम्हां उभयतांचंही तसंच असेल असं धरून चालतो. नानांचा खोकला, तुझी तुळस आणि वाईचं नगरपालिकेचं पाणी या तिन्हींची सविस्तर खुशाली कळवावी.

आता तक्रार. तुझं पत्र चार पानी होतं. त्यात तू माझ्या शेजाऱ्याच्या मेंढीची चौकशी केलीस (व्याली, जुळं झालं), इथल्या वाऱ्याची चौकशी केलीस, जणू तो घरातला कोणी तापट चुलता आहे, पण माझ्या डाव्या गुडघ्याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. समासही पाहिले. ज्याचा निर्देश नाही त्याचा अभाव समजावा, असं अण्णांनीच आपल्याला ओसरीवर बसवून शिकवलं. तेव्हा तुझ्या मते तुझ्या भावाला डावा गुडघा नाही, असा अर्थ निघतो. मी या निष्कर्षाचा निषेध नोंदवतो. गुडघा आहे, आणि परवापासून तो लटपटतो आहे. त्याचं कारण थंडी नव्हे.

कारण सांगण्याआधी तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तू विचारलंस, केतकी ज्या हेलिकॉप्टरनं समुद्रातल्या तेलाच्या रिगवर नर्स म्हणून जाते, ते पाण्यात पडलं तर काय होतं? (पडेल का, असं तू विचारलं नाहीस. एकदम पाडलंसच. आई झाली की माणूस तर्कशास्त्राच्या मधल्या पायऱ्या गाळतो.) उत्तर असं की ते तरंगतं. त्याच्या पोटाशी रबरी पिशव्या घडी घालून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यावर कापडी आवरण असतं. पाण्याला टेकल्याबरोबर बाटलीतला वायू पिशव्यांत घुसतो, आवरणाची शिवण तटातट सुटते, पिशव्या टम्म फुगतात, आणि आतल्या माणसांना दार उघडून तराफ्यात उतरण्याइतका अवधी मिळतो. या पिशव्या तपासायच्या आणि ‘उडायला हरकत नाही’ अशी सही करायची, हे तुझ्या भावाचं काम. तुझ्या लेकीच्या आणि समुद्राच्या मध्ये मी उभा आहे असं मी तुला मागे अभिमानानं लिहिलं होतं. ते वाक्य अलंकारिक होतं. ते शब्दशः खरं आहे हे मला परवा कळलं.

या तपासणीचे नियम अण्णांना आवडले असते. मूळ सूत्र एका ओळीचं, त्यावर भाष्य जाडजूड ग्रंथाएवढं, आणि भाष्यावर दर वर्षी येणारी वार्तिकं. पिशवी काढावी, पंपानं फुगवावी, ठेवून द्यावी, हवा उतरते का पाहावी. बाटलीचं वजन करावं. रबराला भेग, चीर, तेलाचा डाग नसावा. आणि आवरणाबद्दल: ‘शिवण शाबूत असावी.’ एवढंच. शिवण शाबूत आहे का हे आम्ही इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहत आलो. ती होती. ताई, ती इतकी शाबूत होती की काय सांगू.

इथे रूबी हॅल्क्रो या बाईंची ओळख करून द्यायला हवी. वय साठीच्या पुढचं, अंगानं काठीसारख्या, आणि हँगरमधलं जे जे म्हणून कापडाचं असेल, म्हणजे तराफे, जाकिटं, आवरणं, ते सगळं त्यांच्या टेबलावर जातं. शेटलंडात बाई हातात सुया घेऊनच जन्माला येते आणि बोलताना, चालताना, नवऱ्याला झापताना विणत राहते. पण रूबीबाईंच्या हाताबद्दल इथली माणसं आवाज खाली आणून बोलतात. त्यांनी विणलेला स्वेटर नातवापर्यंत जातो आणि नातू त्यातून वाढून बाहेर पडतो, स्वेटर तसाच राहतो. केतकी इथे आली त्याच महिन्यात त्यांनी तिला मोजे विणून दिले, आणि तेव्हापासून मला त्या केतकीचा मामा या नात्यानंच थोडाफार मान देतात. (त्याआधी मी नुसता दक्षिणतोंड्या होतो. बंदराच्या दक्षिण तोंडातून बोटीनं जो आला तो परका, अशी इथली पद्धत आहे. वीसेक वर्षं राहून मी आता जुना परका झालो आहे.)

तर सोमवारी असाच एक नवा दक्षिणतोंड्या आला. ट्रेव्हर पिंकनी नावाचे सरकारी तपासनीस. मऊ आवाज, ओले बूट, चेहऱ्यावर दाढदुखीचा भाव. त्यांनी दिवसभर सगळं पाहिलं, कुठेही बोट ठेवायला जागा मिळाली नाही, आणि मग जाता जाता म्हणाले की एक पिशवी खरोखरच उडवून दाखवाल का? आवरणासकट, बाटलीसकट, जशी पाण्यात उघडेल तशी. असं आम्ही क्वचित करतो, कारण बाटली पुन्हा भरायला मुख्य भूमीवर पाठवावी लागते. पण आमचे हँगरप्रमुख गिडियन मूअट हे उत्साही गृहस्थ. त्यांनी लगेच होकार दिला आणि चहा मागवला.

एखाद्याच्या घरी साखरपुडा असावा तशी मंडळी गोळा झाली. धुक्यामुळे उड्डाणं बंदच होती, त्यामुळे रिगवर जाणारी गिऱ्हाइकंही येऊन उभी राहिली. त्यांत केतकी, तो समुद्रात घालायचा पिवळा पोशाख कमरेपर्यंत चढवून, हातात लोणी लावलेली जाड भाकरी (इथे तिला बॅनक म्हणतात, आणि तिच्याबद्दल मी इतकंच म्हणेन की ती पोट भरते). रूबीबाई पहिल्या रांगेत, खुर्ची घेऊन, विणत. गिडियननं तरफ ओढली.

फस्स असा आवाज झाला. आवरण फुगलं. सारण जास्त झालेल्या करंजीसारखं फुगलं, कडा ताणल्या, टाके एकेक करून वर उठून दिसायला लागले. आम्ही सगळे ते सुटायची वाट पाहत होतो. ते सुटले नाहीत. करंजी आणखी फुगली, कण्हली, जागच्या जागी थोडी वळली, आणि मग बाटलीकडची नळीच सांध्यातून निसटून सगळा वायू शिटी वाजवत छताकडे गेला. फरशीवर उरला एक शिवलेला लोड. शिवण शाबूत.

आणि ताई, मग मी जे ऐकलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. गिडियन पिंकनींकडे वळले आणि छाती काढून म्हणाले, “रूबीचा टाका आहे तो.”

जमलेल्या मंडळींनी कौतुकानं माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. हाच तो क्षण, ज्याची मला रात्रंदिवस शिसारी येते आहे. मग गिडियनच्या चेहऱ्यावरून तो अभिमान हळूहळू खाली उतरताना दिसला, कपाळावरून गालावर, गालावरून कॉलरमध्ये, आणि त्यांनी हातातला कप अगदी जपून शेजारच्या टेबलावर ठेवला. तिथे टेबल नव्हतं. कप खाली पडून फुटला, तरी कोणी तिकडे पाहिलं नाही. केतकी भाकरी खाली घेऊन त्या लोडाकडे पाहत होती. मला म्हणाली, “मामा, माझी जागा बरोब्बर या पिशवीच्या वर असते.”

पिंकनींनी वाकून टाक्याला बोट लावलं आणि दाढदुखीच्याच सुरात विचारलं की हा धागा कोणता. कंपनीकडून येतो तो आवरणाचा धागा मुद्दाम कच्चा असतो. तो सुटण्यासाठीच असतो. आणि हे मला, गिडियनला, सगळ्यांना पाठ आहे. फक्त आम्ही कोणी कधी त्या टाक्याकडे सुटण्याच्या दृष्टीनं पाहिलंच नाही, कारण तो दिसायला इतका सुंदर होता. रूबीबाईंनी विणणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “तुमचा तो धागा? वाऱ्यानं तुटायचा. मेकॅनिकची बाही घासली की तुटायचा. मी फेकून दिला. मासळीच्या जाळ्याचा घातला, दुहेरी.”

गिडियन म्हणाले, “अगं रूबी, तो तुटायलाच हवा.”

“तुटणारा टाका घालायचा होता तर मला कशाला सांगितलंस? तुझ्या बायकोला सांगायचं.”

(गिडियनच्या बायकोची शिवण हा इथला जुना विषय आहे. ती स्वतः तिथे हजर होती. तिनं नाक उडवलं.)

मग रूबीबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. आमच्या घरात समुद्रावर जाणाऱ्याच्या अंगाखालचं, अंगावरचं काहीही उसवलेलं चालत नाही, माझ्या आईनं बापाच्या, मी नवऱ्याच्या, एकही टाका सैल सोडला नाही, असं काहीसं त्या सांगू लागल्या, आणि सांगता सांगता त्यांची नजर त्या लोडावरून केतकीवर गेली. तिथे त्यांचं वाक्य थांबलं. विणकाम पुन्हा हातात घेऊन त्या म्हणाल्या, “आधी एकेरी घालत होते. पोरगी हेलिकॉप्टरात बसायला लागली म्हणून दुहेरी केला.”

न्यायशास्त्रात अतिव्याप्ती नावाचा एक दोष आहे. लक्षण जिथे लागू व्हायला नको तिथेही लागू होतं. पाठशाळेत मी त्यावर शंभरपैकी ब्याण्णव मिळवले होते. परवा मी तो पहिल्यांदा पाहिला. त्याचे केस पांढरे होते आणि त्याच्या हातात अर्धा विणलेला मोजा होता.

पुढची हकिकत थोडक्यात. सगळी हेलिकॉप्टरं जमिनीवर बसवली. सगळी आवरणं उतरवली. टाके उसवायला रूबीबाईच बसल्या, दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देईनात. कात्री चालेना, शेवटी दाढीचं पातं आणलं. कंपनीचा कच्चा धागा रात्रीच्याच बोटीनं आला. तो घालताना त्यांचा हात आपोआप दोनदा ओढायचा, मग त्या स्वतःलाच चापट मारायच्या. केतकी त्यांच्या शेजारी बसून सुईत धागा ओवून देत होती. पिंकनींनी अहवालात फक्त एक वाक्य लिहिलं, पण ते असं होतं की गिडियन ते वाचून बाहेर जाऊन मेंढ्यांमध्ये उभे राहिले. परत येऊन त्यांनी भिंतीवर स्वतःच्या अक्षरात सूचना लावली: ‘शिवण शाबूत असावी, पण फार नाही.’ पाणिनीलाही याहून कमी शब्दांत जमलं नसतं, परंतु त्यानं बहुधा प्रयत्न केला नसता.

काल पुन्हा एक पिशवी उडवली. या वेळी चहा नव्हता. धाड् असा आवाज झाला आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी पिवळी पिशवी गिडियनच्या छातीला टेकली. मग दुसरी उडवली. मग तिसरी. पिंकनी म्हणाले, पुरे. मी म्हणालो, अजून एक. ती पण उघडली.

तेव्हा ताई, निष्कर्ष असा की काळजीचं कारण होतं, आता नाही. दोष सापडला, दुरुस्त झाला, आता या हेलिकॉप्टरांइतकं सुरक्षित वाहन उत्तर समुद्रात नाही. तू निश्चिंत असावंस म्हणून हे सगळं सविस्तर कळवलं. नानांना सांग, पण खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर सांग.

तुझा,
भार्गव

ता. क. गुडघ्यासाठी तो काळा लेप पाठवावा. नानांच्या ओळखीच्या वैद्यांचा नको, दुसऱ्याचा.

ता. क. दुसरं: पत्र बंद करण्याआधी एक विनंती. केतकीला फोन करावास. आवाज तो काढावास, मी विहिरीच्या काठावर चढलो होतो तेव्हाचा. तिला सांग की तुझी तब्येत बरी नाही, किंवा नानांची, किंवा घराला रंग द्यायचा आहे, काहीही सांग, पण महिनाभर वाईला बोलावून घे. उद्या ती पुन्हा उडणार आहे. वर्षभर मी तुझ्या प्रत्येक पत्राला उलट लिहून तिची बाजू घेतली आणि तुला भित्री म्हटलं, ते सर्व मागे घेतो. वर लिहिलेलंही मागे घे म्हणालीस तर घेतो.

ता. क. तिसरं: फोन करू नकोस. मीच आज तिला विचारून पाहिलं. मी म्हटलं, ही एक फेरी राहू दे. ती बूट बांधत होती. म्हणाली, “मामा, माझ्या जागेवर दुसरं कोणीतरी बसेलच. त्याच्या मामानं काय करायचं?”

पिशव्या उघडतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वायू बरोबर आहे, धागा बरोबर आहे, सगळं नियमाप्रमाणे आहे. पण परवापर्यंतही सगळं नियमाप्रमाणेच होतं. आज अशी कोणती चांगली गोष्ट मी कौतुकानं बघतो आहे, जी पाण्यात उघडणार नाही, ते मला माहीत नाही. सकाळी सही करायची आहे आणि मला भीती वाटते.