तीनदा वाचलेला वकील

आये,

परत तेच! मालिकेतला वकील दरीतून वाचला, आगीतून वाचला, विष पिऊन बी वाचला, म्हणून अण्णा येतील व्हय? त्याला लिहिणारा वाचवतोय. अण्णा मुळशीच्या धरणात मासे धरायला गेले, त्याला तीन वर्षं झाली. तू म्हणतीस, रुसून गेलेत.

चूक माझीच हाय. त्यांचं जाळं अन् त्यात अडकलेली चप्पल मला दुसऱ्या दिवशी गाळात घावली होती. तुला दाखवायला धीर झाला न्हाई. चप्पल हितं सुरतेला माझ्या पेटीत हाय.

हे पत्र काय पोस्टात टाकवत न्हाई. तू मालिका बघ. वकील परवा नदीत पडलाय, मी बी मोबाईलवर बघतोय.

तुझा सोपान

डिशच्या रिचार्जला तीनशे साठ रुपये तेवढे धाडतोय.