सातवा ठिपका

प्रिय शंकेखोर,

या नावानं तुला हाक मारणारं आता दुसरं कुणी नसेल, म्हणून हक्क सांगते. निवृत्त होऊन दोन महिने झाले. विभागातली खोली रिकामी केली तर चोवीस खोकी निघाली. शिपाईमामा म्हणाले, बाई, एवढे कागद जाळले असते तर हिवाळाभर ऊब मिळाली असती. मी हसले, पण उष्णतेवर जन्मभर लिहिलेल्या त्या कागदांचा दुसरा उपयोग मलाही चटकन सुचला नाही.

आपली तळघरातली संगणक-यंत्राची खोली आठवते? यंत्र तापू नये म्हणून इतकी गार, की आपण दोघी शाली गुंडाळून बसायचो. त्यावर नुसत्या आकड्यांत चालवलेली, स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांची साखळी, एक टोक गरम, दुसरं थंड. त्यातून उष्णता किती वाहते, एवढाच आपला प्रश्न. साखळी लांबवत गेलं की तिची वाहकता एका आकड्यावर थांबते, असं माझं सूत्र सांगत होतं. आलेखावर तुझे सहा ठिपके निमूट त्या सूत्राच्या रेषेवर बसले. सातवा, सगळ्यात लांब साखळीचा, वर गेला. त्याच्यासाठी तू अकरा आठवडे यंत्र चालवलं होतंस. मी म्हटलं, साखळी अजून स्थिर झाली नसेल. नको असलेलं उत्तर घालवायची आपल्या धंद्यातली ही सभ्य रीत. तू म्हणालीस, साखळी झालीय, तूच झालेली नाहीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आईच्या ऑपरेशनसाठी तू घरी गेलीस आणि मी सहाच ठिपक्यांचा शोधनिबंध दोघींच्या नावानं नियतकालिकाला पाठवून दिला, तुला न विचारता. परत आल्यावर तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त आपलं नाव काढून घेतलंस.

पुढचं सगळंच तुला ठाऊक नाही. त्याच वर्षी विभागात एकच जागा निघाली, आपण दोघींनी अर्ज केला. मुलाखतीत मला विचारलं, तुमच्या मैत्रिणीनं नाव का काढलं? तिथं तरी मिठाची गुळणी धरायची! पण मी म्हणाले, तिला जरा घाई असते. अकरा आठवडे थांबलेल्या तुला मी घाईची ठरवलं. जागा मला मिळाली, तू शाळेत शिकवायला गेलीस. त्या सूत्राला माझं नाव लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणीही आलेख दाखवला की मी आधी ठिपके मोजायची.

गेल्या आठवड्यात घरच्या साध्या संगणकावर तीच साखळी पुन्हा चालवली. एका दुपारीत सातवा ठिपका आला, तू काढला होतास अगदी तिथंच. आठवा आणि नववा त्याहून वर. मी नियतकालिकाला सगळं कळवलं, मुलाखतीतल्या त्या वाक्यासकट. दुरुस्ती छापायला त्यांनी मूळ आलेख मागितलाय. तो माझ्याकडेच आहे. सातव्या ठिपक्यावर मी तेव्हा पांढरा रंग लावला होता. आज सकाळभर तो नखानं खरवडत बसले. खाली तुझी शाई जशीच्या तशी आहे. छापताना त्या आलेखाखाली तुझं नाव घालू का? या वेळी विचारतेय.

तुझीच,
घाई झालेली