डब्यांपुढे चालणारा

सोमवार, ३ फेब्रुवारी
कोलशेतच्या कारखान्यात मालगाडीच्या साईडिंगचा सुपरवायझर म्हणून आज रुजू झालो. कोपर गावी, आमच्या घरी, आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. साठ वर्षांची जुनी लाइन, अवघी दोन किलोमीटर, एक इंजिन, आठ वॅगन. पण तोरा मेलगाडीचा! इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे ड्रायव्हर साईनाथला पुढचं काही दिसत नाही. म्हणून दामाजीकाका लाल बावटा घेऊन, शिटी वाजवत वॅगनांपुढे चालतात. चौतीस वर्षं हेच काम. रजिस्टरात ‘पुढे कोण चालले’ असा रकानाच आहे.

दुपारी त्यांची बायको मंजुळाबाई जेवण घेऊन कोळीवाड्यातून थेट रुळांवरून चालत आली. मी टोकलं, तर हसली. “शिटी नाय त गारी नाय, सायेब.” मलाही बोंबलाची चटणी वाढली.

सोमवार, १० फेब्रुवारी
गाडीपुढे माणूस म्हणजे वरातच. वॉकीटॉकी असताना कशाला, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, बावटा ड्रायव्हरसाठी, गाडी थांबवायची तर बाजूला धरून दाखवायचा; शिटी वाटेवरच्यांसाठी. म्हाताऱ्यांना कोण समजावणार!

गुरुवार, १३ फेब्रुवारी
काका बीपीची गोळी आणायला गेले होते. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. मी थांबलो नाही. खुर्चीत बसूनच साईनाथला वॉकीटॉकीवर सांगितलं की रस्ता मोकळा आहे.

मंजुळाबाई जेवण घेऊन येत होत्या. त्या वॅगनखाली गेल्या. शिटी वाजलीच नव्हती.

कारखान्याचे मोठे साहेब यायच्या आत मी रकान्यात काकांचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
काकांना कामावरून काढलं. साईनाथला पुढचं दिसत नाही; काका पुढे असतीलच, असं त्याने धरलं होतं. चौकशीत एवढंच म्हणाले की रजिस्टरात आहे तर मी चाललोच असेन, त्या दिवसाचं काही आठवत नाही. बायकोला मीच मारली, म्हणाले. मी त्यांना पाण्याचा पेला दिला. करून सवरून नामानिराळा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
आता पुढे मीच चालतो. माझी शिटी थांबली, तरी पुढून शिटी ऐकू येते. वाटेवर कोणी नसतं. साईनाथने आज विचारलं, साहेब, दोघं कशाला वाजवता?

बुधवार, २६ फेब्रुवारी
रकान्यात माझ्या सहीखाली ओला अंगठा. बोंबलाचा वास. पान फाडलं. पुढच्या पानावरही तोच— तारीख तेरा.

शिटी आता कोपरलाही. जेवताना. आईला ऐकू येत नाही.

रविवार, २ मार्च
ठरलं. काकांना सगळं सांगणार. आज सुट्टी, कारखाना बंद, इंजिनही शेडमध्ये. त्यांना फोन करून वाटेवर बोलावलंय. तोंडाने जमणार नाही, म्हणून रुळावर बसून इथेच लिहितोय. पान फाडून त्यांच्या हातात देईन.

सकाळपासून शिटी नाही. किती दिवसांनी कान शांत आहेत.

काका, त्या दिवशी तुम्ही नव्हतात. रस्ता मोकळा आहे असं साईनाथला—

काका येताना दिसतायत. हात हलवतायत. दोन्ही हात. काहीतरी ओरडतायत—

रूळ थरथरतोय. पण शिटी नाही. शिटी नाही म्हणजे गा