पडवीतला चौथा दिवस

आचरे, मार्गशीर्ष, १९६१

अहो, नमस्कार.

मी मागच्या पडवीत वेगळी बसले आहे. मुंबईला रेडियमने गर्भपिशवीतली कॅन्सरची गाठ जाळली, तेव्हापासून मी कधी बाहेरची झाले नव्हते. यंदा पावसाळ्यापासून परसाकडे जाताना रक्त पडतं. सोमवारी सासूबाईंनी लुगड्यावर डाग पाहिला. पोटाशी धरायला धावल्या, पण विटाळ आठवला तशा मध्येच थांबल्या.

"देवीन आयकल्यान गो! तुझी कूस उघाडली. आता माझो झिल येतलो."

लेकाला बोलवायला मास्तरांकडून तुम्हाला पत्रही लिहून घेतलंय त्यांनी.

गाठीचं तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, मलाही सांगू दिलं नाहीत. अशक्तपणा होता म्हणालात. मूल होणार नाही, आणि पुढे असं रक्त पडलं तर लगेच या, हे डॉक्टर आपल्या दोघांसमोर बोलले होते. तुम्ही मान हलवलीत.

इथे मला बरं वाटतं, याची लाज वाटते. चूल नाही, विहीर नाही. सासूबाई गूळ घातलेली पेज लांबून सरकवतात. इतकं गोड त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

विटाळशीच्या हातचा कागद कोणी पोस्टात नेणार नाही, आणि आत गेले की माझा धीर राहणार नाही.

न्हाणीत पाणी तापलंय. केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणलाय. थांबलं का, म्हणून सासूबाई विचारताहेत.

थांबलेलं नाही. मी थांबलं म्हणणार आहे.

शेवंती